‘बाकाल्याउ’चे ‘माकाययाउ’: कॅन्टनीज कान आणि पोर्तुगीज व्यंजने

परकी भाषा शिकणाऱ्याची जीभ वळत नाही, असे सर्रास म्हटले जाते. परंतु पुष्कळदा जिभेच्या आधी कानच अडलेला असतो. मातृभाषेतील ध्वनींचे जे खण बालपणीच कानात पक्के होतात, त्यांपैकीच एखाद्यात ऐकलेला परका ध्वनी टाकला जातो, आणि एकाच खणात पडलेले दोन ध्वनी ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. या प्रकाराचा अभ्यास करायला मकावइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. १५५७ पासून पोर्तुगीजांची वस्ती असलेले, १८४४ पर्यंत गोव्याहून कारभार चाललेले आणि डिसेंबर १९९९ मध्ये चीनकडे गेलेले हे शहर आजही चिनीबरोबर पोर्तुगीजला राजभाषेचा दर्जा देते, मात्र तेथील घराघरांत बोलली जाते ती कॅन्टनीज.

पहिली अडचण प-ब, त-द, क-ग या जोड्यांची आहे. मराठीत प, फ, ब, भ असे चार भेद आहेत, कारण स्वरतंतूंचा कंप (घोष) आणि श्वासाचा झोत (महाप्राण) या दोन्ही गोष्टी तिने अर्थभेदासाठी वापरल्या आहेत. कॅन्टनीज फक्त श्वासाचा झोत पाहते. तिच्यात प आणि ओठ मिटून उच्चारलेला फ आहे, ब नाही. पोर्तुगीज नेमके उलट करते: ती घोष पाहते, झोत नव्हे. लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील स्पर्श व्यंजनांमध्ये ओठ किंवा जीभ सुटणे आणि स्वरतंतूंचा कंप सुरू होणे यांतील अंतर मिलिसेकंदांत मोजले, तेव्हा त्या अकरांत कॅन्टनीजही होती आणि मराठीही. अशा मोजणीत पोर्तुगीज प कॅन्टनीज प-च्या अगदी शेजारी बसतो, पण पोर्तुगीज ब, ज्याचा कंप ओठ सुटण्याआधीच सुरू होतो, त्याला कॅन्टनीजमध्ये स्वतःचे घर नाही. तो बहुधा प-च्याच खणात जातो, आणि ‘तिया’ (आत्या, मावशी) व ‘दिया’ (दिवस) हे शब्द शिकाऊ कानाला एकच भासू लागतात.

तरीही कान घोषाबाबत अगदीच बधिर असतो असे नाही. खारवलेल्या कॉड माशाला पोर्तुगीजमध्ये ‘बाकाल्याउ’ म्हणतात. मकावच्या कॅन्टनीजमध्ये तो साधारण ‘माकाययाउ’ झाला. ‘क’ जसाच्या तसा राहिला, टाळूला जीभ लावून म्हटलेल्या ‘ल्य’चा ‘य’ झाला, आणि ब-च्या जागी आला म, जो कॅन्टनीजमधला ओठ मिटून होणारा एकमेव घोष ध्वनी आहे. ‘पा’ हे अक्षर त्या भाषेत हाताशी असताना ‘मा’ निवडले जावे, यावरून कोणाच्या तरी कानाने तो कंप टिपला असावा. अर्थात उसन्या शब्दासाठी चिनी चिन्हे निवडताना लहरही चालते, म्हणून एका माशावर सिद्धान्त उभारणे बरे नव्हे.

सिद्धान्त आहे तो कॅथरीन बेस्ट यांचा. त्यांच्या मते ध्वनी नवा आहे की नाही, यापेक्षा परक्या जोडीतील दोन ध्वनी मातृभाषेच्या एका खणात पडतात की दोन, यावर अडचण ठरते. ‘कासा’ (शिकार) आणि ‘काझा’ (घर) यांतला दुसरा ध्वनी कॅन्टनीजमध्ये नसल्याने दोन्ही स-मध्ये शिरतात. ‘फाका’ (सुरी) आणि ‘व्हाका’ (गाय) यांचे तसे नक्की सांगता येत नाही: दात ओठावर टेकवून केलेला व्ह ज्याला फ-सारखा ऐकू येतो त्याची फसगत होते, आणि ज्याला तो ओठांच्या व-सारखा वाटतो तो सुटतो. लिस्बनच्या बोलीतील दोन र-कारांच्या बाबतीत तर हा विचार अनपेक्षित निष्कर्ष देतो. ‘कारु’ (महाग) मधील र जिभेच्या टोकाचा, तर ‘कार्रु’ (मोटार) मधील घशातून घासून येणारा. कॅन्टनीजमध्ये यांपैकी एकही नाही, पण पहिला ल-कडे आणि दुसरा ह-कडे झुकत असल्याने ही अवघड वाटणारी जोडी कानाला वेगळी ठेवता यावी. गोंधळ व्हायचा तो ‘कारु’ आणि ‘कालु’ (घट्टा) यांच्यात.

खणही कायमचे नसतात. आजचे अनेक कॅन्टनीज भाषक, विशेषतः तरुण, शब्दारंभीच्या न-ऐवजी ल म्हणतात आणि ‘तू’ या अर्थाच्या ‘नेइ’चा ‘लेइ’ करतात. जुनी मंडळी याला आळशी उच्चार म्हणून नाके मुरडतात. अशा तरुणाला, ज्या ‘पास्तेल द नाता’ या मिठाईची भावंडे मकावच्या दुकानोदुकानी विकली जातात, तिच्यातला ‘नाता’ (साय) आणि ‘लाता’ (पत्र्याचा डबा) हे वेगळे ऐकण्यासाठी, त्याच्या आजीला कधी लागले नसते असे कष्ट घ्यावे लागतात.