शब्दगणनेच्या आज्ञा आणि जुना अनुस्वार

निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान (१८ जानेवारी १८४२). त्यांच्या सहजीवनाचा वृत्तांत रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. अशा ग्रंथातील शब्दांची वारंवारता काढावयाची, तर पूर्वी अभ्यासकाला हजारो चिठ्ठ्या लिहून त्या वर्णानुक्रमे लावाव्या लागत. ग्रंथाची संहिता संगणकावर उतरवून घेतली, की आज हेच काम युनिक्स प्रणालीच्या कमांड लाइनवर पाच-सहा आज्ञांची एक स्क्रिप्ट काही क्षणांत करते. मात्र त्या क्षणांत नेमके काय मोजले गेले, हा प्रश्न भाषाभ्यासकाला टाळता येत नाही.

युनिक्स प्रणाली १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी घडविली. प्रत्येक आज्ञेने एकच लहान काम करावे आणि एकीचे फलित दुसरीच्या हाती द्यावे, हे तिचे मर्म होय. ही जोडणी, म्हणजे ‘पाइप’, डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये प्रणालीत आली. याच मॅकिलरॉय यांनी १९८६ मध्ये, डोनाल्ड कनूथ यांनी शब्दगणनेसाठी रचलेल्या प्रदीर्घ प्रोग्रामचे परीक्षण करताना, तेच काम सहा आज्ञांच्या साखळीत करून दाखविले. अक्षरांखेरीज जे काही असेल त्याच्या जागी नवी ओळ घालावयाची, म्हणजे एका ओळीत एक शब्द उरतो, मग मोठी रोमन अक्षरे लहान करावयाची, ‘सॉर्ट’ने ओळी क्रमाने लावावयाच्या, ‘युनिक’ने सारख्या ओळी मोजावयाच्या, संख्येनुसार पुन्हा उतरता क्रम लावावयाचा, आणि ‘सेड’ने वरच्या हव्या तेवढ्या ओळी घ्यावयाच्या. ‘युनिक’ केवळ लगतच्या ओळींची तुलना करते; म्हणून आधीचे ‘सॉर्ट’ वगळल्यास एकच शब्द यादीत दहा ठिकाणी विखुरलेला आढळतो.

ही साखळी मराठी संहितेवर जशीच्या तशी चालविली, तर पहिल्याच आज्ञेत सारा ग्रंथ नाहीसा होतो. कारण तिच्या लेखी अक्षर म्हणजे रोमन अक्षर. तिच्यात देवनागरी अक्षरे घालूनही भागत नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि ग्नू संचातील ‘टीआर’ ही आज्ञा एकेक बाइट स्वतंत्रपणे पाहत आली आहे. तेव्हा हे काम ‘ग्रेप’ किंवा ‘सेड’कडे सोपवावे, आणि शब्दाची व्याख्या स्वतः लिहून द्यावी: युनिकोडच्या देवनागरी विभागातील सर्व चिन्हे, दंड व अंक वगळून, तसेच जोडाक्षरांसाठी वापरली जाणारी अदृश्य जोडचिन्हे. ‘अक्षर’ या तयार वर्गावर विसंबू नये. काही साधने मात्रा वा हलन्त यांना अक्षर मानीत नाहीत, आणि शब्द मधोमध तुटतात.

‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य दोन रीतींनी साठविता येतो: ऱ या स्वतंत्र वर्णाने, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. गणनेत दोन शब्द होतात. क्रमाचीही तीच गत. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. गणनेपुरता संगणकाचा क्रम चालेल. छापावयाच्या सूचीस चालणार नाही.

हे दोष यांत्रिक आहेत व यंत्रानेच दूर होतात. अनुस्वाराचे तसे नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘घरांत’ अशी रूपे येतात. जुन्या व नव्या संहितांची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला सर्व अनुस्वार ‘सेड’च्या एका ओळीने पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास ‘संत’चा ‘सत’ होईल, ही चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक अधिक घातक होय. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन. ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी रूप. पत्नीने पतीविषयी लिहिलेल्या आठवणींत आदरार्थी ‘ते’ला विशेष अर्थ आहे. त्यात सारे ‘तें’ मिसळले, तर निर्जीव वस्तूंचे उल्लेखही पतीच्या खात्यावर जमा होतील, आणि त्या आकड्यावर कोणी प्रबंधाचे प्रकरणही उभारील.

‘घरांत’ची अडचण उलट्या बाजूची आहे. जुन्या लेखनात एका घरात आणि अनेक घरांत या दोन्हींसाठी हेच रूप येते. आजच्या नियमाने मात्र ते अनेकवचनच ठरते. अनुस्वार ठेवला तरी दिशाभूल, काढला तरी हानी.

म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. जुने रूप आणि त्याचे आजचे रूप अशा दोन रकान्यांचा तक्ता वेगळा करावा व तो ‘ऑक’ने शब्दयादीस जोडावा. ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी निःसंदिग्ध रूपेच या तक्त्यात यावीत. ‘तें’ला ‘ते’पासून वेगळेच मोजावे. दोन्ही गणना, तक्ता व स्क्रिप्ट प्रबंधाच्या परिशिष्टात द्याव्यात, म्हणजे परीक्षकाला तीच आज्ञा चालवून तोच आकडा मिळतो की नाही हे पाहता येईल. ‘घरांत’सारखी संदिग्ध रूपे तक्त्याबाहेर ठेवावीत. ‘ग्रेप’ला सांगितल्यास ती असे प्रत्येक रूप मागच्या-पुढच्या दोन दोन ओळींसह काढून देते, त्या ओळी वाचून वचन ठरविण्याचे काम अभ्यासकाकडे राहते.