पळसाच्या पलीकडचा फागुन

नवेगावबांध आज गोंदिया जिल्ह्यात आहे. पण 1 मे 1999 पर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं. त्यामुळे या मुलखात झाडं बघत कोण हिंडलं आणि काय लिहिलं याचा मागोवा घ्यायचा, तर सुरुवात तिथूनच करावी लागते. 1975 साली नवेगावला राष्ट्रीय उद्यान झालं. वनाधिकारी मारुती चितमपल्ली तिथे होते, आणि सोबतीला जंगल कोळून प्यायलेले माधवराव पाटील डोंगरवार. सरकारी पायपीट आणि वहीतली टिपणं यांतून 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा' अशी पुस्तकं घडली. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि 2025 साली पद्मश्री, हे सारं त्या पायपिटीचंच पुढचं. त्याच वर्षी जूनमध्ये चितमपल्ली गेले.

गद्याची बाजू अशी भक्कम. कवितेचं काय?

भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही कविसंमेलनात फागुनाची कविता म्हणजे पळस. ज्वाळा, निखारे, वणवा ठरलेले. माझ्या जुन्या वह्यांतही तेच आहे, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पळस आहेच तसा. पण तो धुऱ्यावर असतो, रस्त्याकडेला असतो, मोटारसायकलवरूनही दिसतो. पायी फिरणं कमी होत गेलं तशी कविताही रस्त्यावरून दिसणाऱ्या झाडाशीच थांबली, असं माझं मत आहे.

रस्त्यावरून न दिसणारं मात्र बरंच आहे. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीपट्टीतला वसंत फुलण्याआधी गळतो. माघातच धावड्याची पानं तांबूस होऊन उतरू लागतात. ऐन पार उघडा पडतो आणि मगरीच्या पाठीसारखी त्याची भेगाळलेली साल तेवढी उरते. याच ऐनावर ढिवर समाजातली मंडळी कोशाच्या अळ्या पोसतात. मोहाडी-आंधळगावच्या मागावर विणलं जाणारं टसर इथूनच निघतं. एवढं काम करणाऱ्या झाडावर मी आजवर एकही कविता ऐकलेली नाही. मग कुसुम. त्याला ऐन फागुनात पालवी फुटते ती लालभडक, इतकी की लांबून फुलंच वाटावीत. सावर बोडख्या फांद्यांवर फुलते. चाराला, म्हणजे चारोळीच्या झाडाला, बारीक पांढुरका मोहर येतो, तो मात्र जवळ गेल्याशिवाय दिसायचा नाही.

आणि मोह. त्यासाठी उजाडायच्या आत जावं लागतं. फांद्यांच्या टोकांना लटकलेल्या तपकिरी झुबक्यांतून फुलं सुटतात. टपोरी, फिकट पिवळी, रसानं फुगलेली. वाळल्या पाल्यावर पडली की टप् असा आवाज येतो. बोटांत धरली तर चिकटतात, आणि वास दिवसभर हाताला राहतो. टोपल्या घेऊन आलेल्या बाया तुमच्याकडे बघतही नाहीत. ऊन चढायच्या आत त्यांना वेचून संपवायचं असतं. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात आणि तीच आग कधी रानात शिरते. कवितेतला वणवा असा खरा होतो.

पायी फिरणं कमी होत गेलं त्या काळात वाटाही बदलल्या. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 सालची. पुढे वैनगंगेचं पाणी फुगलं आणि पवनीकडची कितीतरी शिवारं त्याखाली गेली. 2013 मध्ये कोका अभयारण्य झालं, आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. जंगल राखलं गेलं ही चांगलीच गोष्ट. पण आता फाटकातून आत जायचं ते जिप्सीत बसून, आणि जिप्सीतली माणसं वाघ शोधतात, कुसुम नाही. पायी फिरायला उरले धानाच्या बांध्यांचे धुरे आणि मालगुजारी तलावांच्या पाळी. तिथला एखादा म्हातारा मोह ट्रॅक्टरला आड येतो म्हणून तोडला जातो, त्याची बातमी होत नाही.

तेव्हा झाडीपट्टीतल्या नव्या कवींना माझी विनंती आहे: पुढची पाच वर्षं पळसावर कविता लिहू नका. गाडी गावातच ठेवा, धुऱ्याधुऱ्यानं चाला. ऐन, धावडा, चार, कुसुम केव्हाचे रांगेत उभे आहेत.