सान्शिंगदुईचे कांस्यमुखवटे

चीनची प्राचीन संस्कृति पीत नदीच्याच कांठीं उगम पावली, असा समज पंडितांत पुष्कळ काळ रूढ होता. त्यास मोठा धक्का बसला तो सेचुआन प्रांतांत, ग्वांगहान गांवाजवळ. तेथें १९८६ सालीं विटांसाठीं माती काढणाऱ्या मजुरांमुळें लागोपाठ दोन खड्डे उजेडांत आले, आणि त्यांतून सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचे कांस्यमुखवटे निघाले.

त्यांपैकीं एक तर १३८ सेंटिमीटर रुंद! कान पंखांसारखे पसरलेले, तोंड फांकलेलें, आणि बुबुळें नळकांड्याप्रमाणें १६ सेंटिमीटर पुढें आलेलीं. चौथ्या शतकांतील 'ह्वायांग ग्वोजी' या ग्रंथांत शू देशाचा आद्य राजा त्सान्त्सुंग याचे डोळे पुढें आलेले होते असें लिहिलें आहे. हें मुख त्याचेंच, असें कित्येक विद्वान् म्हणतात. अनुमान मोहक खरें. परंतु ग्रंथ व मुखवटा यांत दीड हजार वर्षांचें अंतर आहे, हें आम्हांस विसरवत नाहीं.

याहून गूढ गोष्ट अशी कीं, पुष्कळशा वस्तू फोडून, जाळून, मग पुरलेल्या आहेत. दुसऱ्या खड्ड्यांत तर वर हत्तीचे दांत रचलेले होते. शत्रूचें कृत्य म्हणावें, तर त्यानें सोनें मागें कां ठेवलें? ज्यांच्या घरीं भंगलेल्या मूर्तीचें विसर्जन होतें, त्या आमच्या वाचकांस निराळा तर्क सुचेल. पुढें आणखी सहा खड्डे सांपडले, आणि २०२२ मध्यें आठव्या खड्ड्यांतील एक मूर्ति दुसऱ्या खड्ड्यांतील पक्षिपादांच्या तुकड्याशीं तंतोतंत जुळली. म्हणजे ती मोडली गेली पुरण्यापूर्वींच.