‘पहा’चं बोट धरून

संपादकांनी सांगितलं होतं, वाईला जा आणि मराठी विश्वकोशावर लिही. ढोल्या गणपतीला लांबून नमस्कार करून मी गंगापुरीतल्या कचेरीपाशी पोचलो. पण लेख सापडला तो परतताना, साताऱ्यातल्या एका वाचनालयात, खंडांच्या ओळीसमोर फरशीवर मांडी घालून बसल्यावर.

इतिहास थोडक्यात आटपतो. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापलं आणि अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना बसवलं. विश्वकोशाचं काम याच मंडळानं हाती घेतलं. शास्त्रीबुवा मूळचे धुळ्याकडच्या पिंपळनेरचे, पण कोवळ्या वयात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच होऊन गेले. ते इथं, म्हणून विश्वकोश इथं. नाहीतर एवढं मोठं सरकारी ग्रंथकार्य मुंबई-पुणं सोडून कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी कशाला येतंय? १९८० मध्ये विश्वकोशासाठी वेगळं मंडळ निघालं.

नोंदी लिहायच्या तर आधी शब्द हवेत. म्हणून सगळ्यात आधी, १९७३ मध्ये, छापला गेला तो परिभाषासंग्रह. पहिला खंड १९७६ चा, विसावा पुरा झाला २०१५ मध्ये. ‘अंक’पासून ‘ज्ञेयवाद’पर्यंत यायला ३९ वर्षं लागली. त्याच्या कितीतरी आधी डॉ. केतकरांनी कंपनी काढून, भाग विकून, ज्ञानकोशाचे २३ खंड जेमतेम दशकभरात संपवले होते. उशीर झाला म्हणून विश्वकोशाची थट्टा खूप झाली. मीही केली आहे.

त्या दिवशी मात्र मी ‘पहा’त अडकलो. नोंद संपली की खाली बारीक अक्षरांत ‘पहा’ आणि पुढं इतर नोंदींची नावं. साधी सोय. पण पहिल्या खंडातलं ‘पहा’ जेव्हा ‘स’ किंवा ‘ह’कडे बोट दाखवतं, तेव्हा ते दाखवत असतं अजून न लिहिलेल्या मजकुराकडे. कदाचित तो लिहिणारा तेव्हा शाळेतही गेला नसेल! म्हणजे ‘अ’ छापायच्या आधी ‘ज्ञ’पर्यंतचा आराखडा डोक्यात हवा. कोणता विषय कोणत्या नावाखाली येणार हे एकदा ठरलं की ठरलं. पुढं कुणाला त्याहून चांगला शब्द सुचला तरी मागचं ‘पहा’ त्याला ओळखणार नाही.

नोंदीखाली लेखकाचं नाव, आडनाव आधी. कुठं एका नावापुढं ‘(इं.)’ आणि दुसऱ्यापुढं ‘(म.)’. पहिल्यानं इंग्रजीत लिहिलं, दुसऱ्यानं मराठीत आणलं. ही ‘म.’ची माणसं मला फार आवडली. पुस्तकाच्या पाठीवर त्यांचं नाव कधी येणार नव्हतं.

एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं : जाधव, रा. ग. प्राध्यापकी सोडून हे समीक्षक १९७० च्या सुमारास वाईत आले आणि जवळपास दोन दशकं मानव्यविद्यांच्या नोंदी सांभाळत राहिले. दलित साहित्य नुकतं उसळत होतं. दिवसा दुसऱ्यांच्या मजकुरातली विशेषणं छाटायची, कारण कोशाला मत चालत नाही. आणि स्वतःच्या टेबलावर त्या नव्या साहित्यावर ‘निळी पहाट’सारखं पुस्तक लिहायचं, ज्यात मतच हवं. एकाच हाताला दोन वळणं कशी जमली असतील? पुढं ते विश्वकोश मंडळाचे अध्यक्ष झाले, २००४ च्या औरंगाबाद साहित्य संमेलनाचेही. पण मला ते दिसतात ते दुसऱ्याच्या परिच्छेदावर पेन टेकवून बसलेले.

अकारविल्हे क्रम मोठा हट्टी असतो. ‘अ’ छापला तेव्हा सोव्हिएत संघ भक्कम उभा होता. ‘स’ची पाळी येईपर्यंत त्याचे तुकडे झाले होते. ‘म’ छापून झाल्यावर, १९९६ मध्ये, मद्रासचं चेन्नई झालं, पण नव्या नावाला जागा कुठं? ‘च’ तर कधीच मागं पडला होता. गाडी सुटलेल्या स्टेशनात परत येत नाही. कागदावर यावर उतारा नव्हता.

आता आहे. खंड संकेतस्थळावर आले, विषयवार ज्ञानमंडळं नेमली गेली, नव्या नोंदींना अक्षराची रांग लावावी लागत नाही. हे चांगलंच. तरी एक धास्ती वाटते. त्या रांगेला निदान ‘ज्ञ’ नावाचं शेवटचं ठाणं होतं. तिथं पोचायचंच, म्हणून माणसं खपली. आता काम संपतच नाही, आणि न संपणाऱ्या कामाला माणूस किती वर्षं देणार? मानधन घेऊन एखादी नोंद लिहिणारे मिळतील. वीस वर्षं वाईत राहून दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणारा कुठून आणायचा? यंत्र क्षणात मराठी करून देतं म्हणे. ‘(म.)’च्या जागी मग काय छापायचं?

वाचनालयात मी पहिल्या खंडातलं एक ‘पहा’ धरून विसाव्यापर्यंत गेलो. मधले खंड हाताळून मऊ पडलेले. विसाव्याची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली होती. शेजारी स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा मोबाईलवर काहीतरी उतरवून घेत होता. डोकावलो, तर विश्वकोशाचंच पान. नोंद लिहून झाल्यावर त्यानं खालचं नावही वहीत उतरवलं, आडनाव आधी. कशाला, म्हणून विचारलं.

“सर म्हणतात, कुणी लिहिलंय ते लिहायचं.”