मोटारींतील आठवणीचा दिवा

मोटारीची किल्ली फिरविली कीं चालकासमोरच्या फलकावर लहान लहान दिव्यांची रांग क्षणभर उजळते, आणि इंजिन सुरू होतांच त्यांतील बहुतेक दिवे मावळतात. एखादे दिवशीं मात्र एक पिवळा दिवा मावळत नाहीं. कोठें त्यावर पान्याचें चित्र असतें, कोठें देखभाल हवी अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें असतात. तो दिसला कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष गाडी आतां बंद पडणार म्हणून घाबरतो. दुसरा ‘चालते आहे ना, मग झालें!’ असें म्हणून काणाडोळा करतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

हा दिवा रोगाचें लक्षण नव्हे. ती ठरल्या वेळेची आठवण आहे. टोयोटा कंपनीच्या अमेरिकेंत विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांचें उदाहरण घेतां येईल. सुमारें ४,५०० मैल झाले कीं त्यांतील हा दिवा गाडी सुरू करतांना कांहीं वेळ लुकलुकतो, आणि ५,००० मैल, म्हणजे सुमारें ८,००० किलोमीटर, पुरे झाल्यावर तो स्थिर जळत राहतो. इंजिनांतील तेल काळें झालें आहे कीं स्वच्छ आहे, पुरेसें आहे कीं आटलें आहे, यांपैकीं कांहींहि त्यानें पाहिलेलें नसतें. चाकांनीं कापलेलें अंतर तेवढें त्यानें मोजलेलें असतें. शाळेची घंटा तास संपल्याचें सांगते. धडा मुलांना समजला कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें. या दिव्याचेंहि तसेंच आहे.

तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा मात्र अगदीं निराळा. इंजिनांतील तेलाचा दाब धोक्याइतका उतरला आहे, असा त्याचा अर्थ. चालत्या गाडींत तो लागल्यास गाडी सुरक्षित जागीं बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. दाबाशिवाय इंजिन चालूं ठेवल्यास धातूवर धातू घांसून थोड्याच वेळांत तें कायमचें निकामी होऊं शकतें. पिवळा दिवा कांहीं दिवसांची सवड देतो. तांबडा मुळींच देत नाहीं.

आतां तेल बदलावें तरी कां लागतें? फिरणाऱ्या भागांमध्यें पातळ थर धरून तेल त्यांची झीज टाळतें, उष्णता वाहून नेतें आणि काजळी व धातूचे बारीक कण आपल्या अंगावर घेतें. हें करतां करतां तें स्वतः जीर्ण होतें. भारतांतील पुष्कळ पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेंत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं भरेल तें, अशी मर्यादा दिलेली असते. वर्षाची अट निरर्थक नाहीं. घरापासून बाजारापर्यंतच्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें ज्वलनांतून निघालेलें पाणी व न जळलेलें पेट्रोल तेलांत सांचत जातें. मुंबई-पुण्याच्या गर्दींत गाडी तासभर धुगधुगत राहते आणि अंतर आठ-दहा किलोमीटरच भरतें. इंजिनानें तासाचे कष्ट उपसले, पण दिव्याच्या वहींत जमा झाले ते दहाच किलोमीटर! म्हणून अंतराबरोबर दिनदर्शिकाहि पाहावी.

दिवा लागला म्हणजे घरच्या घरीं पुष्कळ कांहीं करतां येतें. टायर थंड असतांना हवा मोजावी; किती हवी, हें बहुधा चालकाच्या दाराशेजारीं चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेलें असतें. टायरवरील खांचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या असतील तर तो बदलावा. एअर फिल्टर काढून पाहावा. धुळीनें काळवंडला असल्यास नवा बसवावा. कूलंटची पातळी बाटलीवरील दोन खुणांमध्यें असावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींहि उघडूं नये. ब्रेक ऑइल उतरलेलें दिसल्यास नुसती भर घालून स्वस्थ बसूं नये. ब्रेकचे पॅड झिजल्यानें किंवा गळतीनें तें उतरतें. तें काम जाणत्या कारागिराकडे सोंपवावें.

तेल बदलण्याची ज्याला हौस आहे त्यानें प्रथम हमीच्या अटी वाचाव्या. मग गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांना अडणी लावावी. गाडी उचलावी लागली तर ती भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. जॅक घसरला तर सावरण्यास क्षणहि मिळत नाहीं. इंजिन कोमट असतांना चेंबरचा नट काढून जुनें तेल निथळूं द्यावें आणि नवा वॉशर घालून नट बसवावा. फिल्टर डबीसारखा असेल तर जुन्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाहीं ना, हें पाहावें. तशी राहिल्यास नव्या फिल्टरमधून तेल गळतें. नव्या कडीला तेलाचें बोट लावून तो हातानेंच आवळावा. पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें तेल सांगितलें तेवढेंच भरावें. मिनिटभर इंजिन चालवून गळती पाहावी, तें बंद करून कांहीं मिनिटांनीं डिपस्टिकवर पातळी तपासावी. जुनें तेल गटारांत किंवा मातींत ओतूं नये. तें विषारी असतें. डब्यांत भरून वापरलेलें तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजकडे पोंचवावें.

हें सारें झाल्यावरच दिवा मालवावा. तो मालविणें अगदीं सोपें असतें. टोयोटाच्या कित्येक गाड्यांत अंतरदर्शकाची कळ दाबून धरून किल्ली फिरविली कीं तो पुन्हां शून्यापासून मोजूं लागतो. हें सोपेपणच धोक्याचें आहे. काम न करतां दिवा मालविणें म्हणजे गैरहजर मुलाची हजेरी मांडणें होय. पुढचे कित्येक महिने गाडी घरांतील प्रत्येकास ‘सर्व ठीक आहे’ असें खोटेंच सांगत राहते, आणि तिच्यावर विश्वासून लांबच्या प्रवासास निघणाऱ्यांना त्याची गंधवार्ताहि नसते. यास्तव गाडींत एक लहानशी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, तेलाची जात आणि केलेलें काम तींत आधीं लिहावें, आणि मग दिव्याच्या कळीला हात लावावा.