वीस मिलिमीटरच्या भोकातून इंजिन श्वास कसा घेतं?

मागच्या उन्हाळ्यात मावसभावाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये आहे. त्यांची गाडी तेव्हा कामथडीत, पुणे-सातारा हायवेजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. "दादा, आरपीएम वर गेला की इंजिनचा दमच तुटतो. हिशोबानं हवा पुरायला पाहिजे. दुप्पट पुरते!"

मी फिजिक्सवाला, गाड्यांमधलं मला फार कळत नाही. पण हिशोब म्हणतो पुरेल आणि प्रत्यक्षात पुरत नाही, अशी जागा संशोधन करणाऱ्याला सोडवत नाही. रविवारी गेलोच.

आधी नियम सांगतो. या स्पर्धेत पेट्रोल गाडीच्या इंजिनात जाणारी सगळीच्या सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका गोल भोकातून जावी लागते. त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाडीची ताकद आटोक्यात राहावी हा हेतू. आपल्याकडे कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्येही हाच नियम आहे. या टीमकडे केटीएम ३९० चं, चाकणला बनलेलं ३७३ सीसीचं एक सिलिंडरी इंजिन होतं.

आता भोकाची मर्यादा. इंजिन जितकं जोरात ओढेल तितकी जास्त हवा येईल असं वाटतं, आणि एका हद्दीपर्यंत ते खरंही आहे. पण भोकाच्या सर्वात अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की पुढे कितीही ओढा, प्रवाह वाढत नाही. का? पुढे दाब कमी झालाय ही "बातमी" मागच्या हवेपर्यंत ध्वनीच्याच वेगाने जाते. हवा त्याच वेगाने समोरून येत असेल तर बातमी उलट्या दिशेला सरकूच शकत नाही. याला चोक्ड फ्लो म्हणतात. समुद्रसपाटीचा दाब आणि २७ अंश तापमान धरलं तर २० मिलिमीटरसाठी ही हद्द सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम हवा इतकी येते. तीही भोक नीट, निमुळतं आत येऊन पुढे हळूहळू रुंदावणारं असेल तर. पत्र्याला नुसतं ड्रिल मारलेलं भोक बरंच कमी देतं.

भावाचा हिशोब असा होता. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. ९००० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा. प्रत्येक वेळी ३७३ सीसी, म्हणजे ०.४४ ग्रॅम हवा. गुणाकार केला की सेकंदाला ३३ ग्रॅम. हद्द ७४. मग अडचण काय?

गुणाकार बरोबर आहे, चुकीचा आहे तो "सेकंदाला" हा शब्द. इंजिन सेकंदभर सारखं ओढत नाही. चारपैकी एकाच स्ट्रोकमध्ये ओढतं, उरलेले तीन स्ट्रोक तोंड बंद. ९००० ला एक स्ट्रोक फक्त ३.३ मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात रेस्ट्रिक्टरमधून जास्तीत जास्त ०.२५ ग्रॅम हवा येऊ शकते, आणि पाहिजे ०.४४. म्हणजे सिलिंडर ५७ टक्केच भरणार. (व्हॉल्व्ह खरं तर एका स्ट्रोकपेक्षा जास्त वेळ उघडा असतो, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. पण कुठे शोधायचं ते कळायला पुरेसा.) सरासरीत दुप्पट हवा दिसत होती आणि गरजेच्या क्षणी निम्मीच मिळत होती. टाकीला दिवसभर बारीक धार चालू असते पण सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकदम, तसं.

उपायही टाकीचाच. रेस्ट्रिक्टर आणि इंजिनच्या मध्ये एक रिकामा डबा ठेवतात, त्याला प्लेनम म्हणतात. इंजिन डब्यातून ओढतं, आणि तोंड बंद असताना रेस्ट्रिक्टर डबा भरत राहतो. १० मिलिसेकंदांत ०.७४ ग्रॅमपर्यंत हवा येऊ शकते, तूट फक्त ०.१९ ग्रॅमची. डबा एक लिटरचा असेल तर ही तूट त्यातल्या हवेच्या १६ टक्के, तीन लिटरचा असेल तर ५ टक्के. यांचा प्लेनम? जागा नाही म्हणून जेमतेम अर्ध्या लिटरचा केलेला.

मग दहा लिटरचाच का नको? कारण नियमाप्रमाणे थ्रॉटल रेस्ट्रिक्टरच्याही आधी बसवावं लागतं. पाय दाबला की आधी डबा भरणार, मग इंजिनला कळणार. वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हरला हे चांगलंच जाणवतं. डबा किती मोठा, यावर टीममध्ये अजून भांडण चालू आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं.

रस्त्यावरच्या गाड्यांना रेस्ट्रिक्टर नसतो, तिथे गोष्ट वेगळी. लोक कंपनीचा एअरबॉक्स काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावतात. आवाज वाढतो आणि आवाजामुळेच गाडी पळतेय असं वाटतं. पण तो फिल्टर इंजिनजवळची तापलेली हवा घेत असेल तर? बाहेर ३० अंश आणि बॉनेटखाली ६० असतील तर हवेची घनता ९ टक्क्यांनी घटते. पैसे देऊन ताकद कमी करून घेतली.

आता मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. मोठा प्लेनम बनवून टीमने डायनोवर दोन रन घेतले, आधी जुना, मग नवा. आकडा वाढला, पेढे आले. मी म्हटलं, जुना परत लावा आणि तिसरा रन घ्या. कुरकुर झाली, कारण डायनोचे पैसे तासावर असतात. तिसऱ्या रनमध्ये जुन्याचाही आकडा वाढलेला! पहिल्या रनला इंजिन आणि तेल पुरतं तापलंच नव्हतं. नव्या प्लेनमचा फायदा खरा होता, पण पेढे आणले होते त्याच्या निम्म्याहून कमी. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याच एका सॅम्पलच्या बाबतीत मी हा तिसरा रन घेतला नव्हता, आणि त्यात माझे चार महिने गेले.

आता प्लेनममध्ये दाबाचा सेन्सर बसवायचाय. हिशोब बरोबर असेल तर तीन लिटरच्या डब्यात ९००० आरपीएमला प्रत्येक ओढीला दाब अंदाजे ५ ते ७ टक्के खाली जाऊन परत वर यायला हवा. १५ टक्के दिसला तर माझं काहीतरी चुकलंय. दोन्ही आकडे मापन करायच्या आधी शेडच्या भिंतीवर खडूने, तारखेसकट लिहून ठेवलेत. सेन्सर आलाय, वायरिंग बाकी आहे.