पंपाआधी टॉर्च

मृग लागला की वसई-विरारकडे दोन गोष्टी हटकून घडतात. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा जमतो आणि सकाळी केरसुणीखाली नुसत्या पंखांचा ढीग निघतो. त्याच आठवड्यात सोसायट्यांच्या जिन्यांत पेस्ट कंट्रोलची चिठोरी चिकटू लागतात. झुरळे, ढेकूण, वाळवी, उंदीर, सगळी कामे एकाच फोन नंबरावर आणि दर खोल्यांच्या हिशेबाने. फोन केला की पाठीवर पंप घेतलेला एखादा पोऱ्या येतो, "कुठून सुरू करू?" असे विचारतो आणि अर्ध्या तासात पावती फाडून निघून जातो.

त्याने विचारायला हवा तो प्रश्न मात्र राहूनच जातो : घरात कोण कोण आहे? रांगते मूल, दम्याचे आजोबा, दिवस गेलेली सून, माशांची टाकी, पिंजऱ्यातला पोपट? या धंद्यातले निम्मे कौशल्य या प्रश्नात आहे आणि उरलेले टॉर्चमध्ये. सिंकखाली, फ्रिजच्या मागे, पलंगाच्या सांध्यांत टॉर्च मारून कीड कुठे आहे हे आधी शोधायचे आणि विष तेवढ्याच जागी टाकायचे. ज्याला शोधता येत नाही तो सगळीकडे फवारतो. गिऱ्हाईकही घरभर वास सुटला की पैसे वसूल झाले असे मानते, हेही खरे.

फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत पेस्ट कंट्रोल करून घेतलेल्या घरात परतलेल्या एका दांपत्याचा मृत्यू झाला. त्याआधी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. एक शहरातली गोष्ट, एक शिवारातली. पण दोन्हीकडे विषाशी गाठ पडलेली माणसे साधीच होती.

या धंद्याला कायदा नाही असे नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करायला परवाना लागतो. तो महापालिकेकडून मिळतो अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते काम राज्याच्या कृषी खात्याचे आहे. त्यासाठीचा माणूस कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असावा आणि त्याने म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या ठरलेल्या केंद्र सरकारी संस्थेत किमान पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अट आहे. घरी येणारा पोऱ्या पदवीधर नसेल, नसू दे. पण त्याच्यामागे असा एक माणूस आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वार्षिक करार करण्यापूर्वी परवान्याची प्रत मागावी. खरा धंदेवाला ती आनंदाने दाखवतो.

दुसरे पाहायचे ते डब्यावर. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलावर रंगीत चौकोन असतो : लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. हिरवा म्हणजेसुद्धा विषच. म्हणून औषध मूळ डब्यातून, तुमच्यासमोर पंपात ओतले गेले पाहिजे. बिसलेरीच्या बाटलीतून आणलेले पांढरे पाणी कोणी 'हर्बल आहे, वास नाही' म्हणून दाखवू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. वासाचा आणि विषारीपणाचा काही संबंध नाही. जुन्या माणसांच्या तोंडी 'नुवान' हे नाव अजून आहे. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तेव्हा ते मागू नये आणि कोणी आणले तर मारू देऊ नये.

वाळवीचे काम सगळ्यांत जोखमीचे, आणि वसईत तर विशेषच. पश्चिम पट्ट्यात, आगाशी, निर्मळ, भुईगाव, गिरीज या बाजूला घराला लागून वाडी, वाडीत विहीर आणि जवळपास कुठेतरी बावखल. वाळवीचे औषध फवारायचे नसते, जमिनीत मुरवायचे असते. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या घरांसाठी रीत दिली आहे : भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोके पाडायची, त्यांत औषध जिरवायचे आणि भोके सिमेंटने बुजवायची. बरीच वर्षे वापरात असलेले क्लोरपायरीफॉस २० ईसी या कामासाठी एक लिटरला एकोणीस लिटर पाणी या प्रमाणात मिसळतात. भिंतीवरची मातीची नळी तेवढी खरवडून वर दोन फवारे मारणारा वाळवीला फक्त रस्ता बदलायला लावतो. तिचे वारूळ जमिनीत शाबूत असते.

पण हीच जमिनीत मुरवण्याची रीत विहिरीशेजारी अंगाशी येऊ शकते. क्लोरपायरीफॉस माशांना फार घातक, आणि विहिरीचे पाणी तर आपण पितो. आल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही जुनी वाळवीची औषधे १९९६ पासून बंद झाली, ती मातीत वर्षानुवर्षे तशीच राहतात म्हणूनच. तेव्हा वाडीतल्या घरात आधी विहीर आणि बावखल कुठे आहे ते पाहावे, त्या बाजूच्या जमिनीत औषध सोडू नये. त्या भिंतीचे लाकूड बदलावे, ओल काढावी. यात वेळ जातो आणि बिल लहान होते, म्हणून हा सल्ला फारसा कोणी देत नाही.

नालासोपारा-विरारच्या इमारतींत दुखणे वेगळे. तिथे भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडे आणि एकच डक्ट, त्यामुळे एका घरात फवारले की झुरळे शेजारी पाहुणी जातात आणि महिन्याने परत येतात. अशा ठिकाणी बिजागऱ्यांत आणि ओट्याखाली ठेवलेले जेलचे बारीक ठिपके फवाऱ्यापेक्षा सरस ठरतात. त्यांवर नंतर फिनेल मारले की मात्र सगळे फुकट. ढेकणांच्या अंड्यांवर बहुतेक औषधे चालत नाहीत. आठवडा-दहा दिवसांत नवी पिल्ले बाहेर येतात. म्हणून पंधरा दिवसांनी दुसरा हात दिल्याखेरीज ते काम पुरे होत नाही. एका फेरीत हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ढेकणांना कंटाळून काही जण धान्यात ठेवायच्या गोळ्या गादीखाली ठेवतात. हे कधीही करू नये. तीन ग्रॅमची अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या दमटपणाने एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते, आणि आपल्या खाडीकाठी दमटपणाला काय तोटा! हा वायू फटींतून आणि डक्टमधून शेजारच्या झोपलेल्या घरात जाऊ शकतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी संस्था आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोलवाले यांच्यापुरत्याच मर्यादित आहेत. राहत्या घरात त्यांचे काही काम नाही.

साध्या फवारणीच्या वेळी भांडी आणि पिण्याचे पाणी झाकावे, माशांच्या टाकीचा हवेचा पंप बंद करून वर ओला कपडा टाकावा, मुलांना नातेवाइकांकडे पाठवावे. परतल्यावर आधी सगळ्या खिडक्या उघडून पंखे लावावेत आणि आपण पुन्हा बाहेर थांबावे, लेबलावर लिहिले असेल तितका वेळ. कोणाला घाम, लाळ, उलटी सुरू झाली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांवर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, पण विष कोणते हे डॉक्टरांना कळले पाहिजे.

आता त्या पंपवाल्या पोऱ्याविषयी. आपल्या घरात विष तासभर, त्याच्या अंगावर ते रोज. हातमोजे, बूट, एप्रन आणि श्वासाचा मुखवटा मालकाने द्यायचा, असे नियम सांगतात. दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस हाताळणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेजची दरमहा तपासणी, हेही त्यात आहे. आपल्याकडे तो तोंडाला रुमाल बांधून येतो आणि आपण त्याला त्याच हातांनी चहा घ्यायला लावतो. चहा द्यावा, पण आधी साबण द्यावा. काम संपल्यावर रिकामा डबा कुठे जातो तेही विचारावे. नियमाप्रमाणे तो फोडून वस्तीपासून दूर पुरायचा असतो. कचऱ्याच्या डब्यात टाकला तर भंगारवाल्यामार्फत तो कोणाच्या तरी मोरीत पाणी भरायला जाऊन पोहोचतो.